मिस्त्रीचा लाल दिवा

आमच्या भागात लाईट दोन वाटांनी येते. गावची वेगळी, शेताची वेगळी. गावातली गेली तरी शेतात असू शकते आणि शेतात आली तरी गाव अंधारात असू शकतं. शेतातली थ्री फेज, म्हणजे मोटारी चालवणारी लाईट, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असा फेरा ठरलेला असतो. ठरलेला म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात ती न सांगता येते आणि न सांगता जाते, आणि तिची वाट बघत विहिरीवर बसून राहायला कुणाला वेळ आहे? म्हणून आमच्या शिवारात जागोजाग उंच बांबू नाहीतर लोखंडी पाईप रोवलेला दिसेल आणि त्याच्या टोकाला लाल दिवा. थ्री फेज आली की दिवा लागतो. गावातल्या गच्चीवरून तो दिसला की माणूस चपला पायात सरकवून मोटार चालू करायला निघतो. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे सरकारनं काढले, आमच्या विहिरींवरचे राहिले, असं आमचे हे म्हणतात. एखादा विनोद एकदा जमला की तो ते दहा वर्षं पुरवतात.

गावातला सगळ्यात उंच दिवा मिस्त्रीचा. मिस्त्री म्हणजे माझ्या पिठाच्या गिरणीशेजारी ज्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे ते. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, स्टार्टर दुरुस्त करायचे, बोअरमध्ये अडकलेली मोटार वर ओढायची, ही त्यांची कामं. त्यांचे वडीलही हेच करायचे. गावात मुसलमानांची घरं थोडी, पण आसपासच्या विहिरी चालतात त्या या एका घराच्या जिवावर. दुकानामागे त्यांची स्वतःची विहीर आहे आणि तिच्याशेजारी पाईपला पाईप जोडून त्यांनी दिवा एवढा वर नेला होता की गावाच्या पलीकडच्या टोकाहूनही दिसावा. ज्यांची शेतं टेकाडाआड, त्यांना स्वतःचा दिवा गावातून दिसत नाही. ते मिस्त्रीचा बघतात. ‘मिस्त्रीचा लागला का?’ हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न आहे.

सीमेवर लढाई पेटली तेव्हा उन्हाळा होता. गिरणीत लग्नसराईची दळणं पडलेली. लोक दळण ठेवून मोबाईलमध्ये डोकं घालून उभे राहायचे आणि पीठ सांडलं तरी त्यांना कळायचं नाही. माझं माहेर चकलांब्याकडचं. तिथल्या माझ्या बहिणीचा मुलगा फौजेत आहे. त्याचा फोन लागत नव्हता आणि बहीण मला दिवसातून चारदा फोन करून तेच सांगायची. मी काय कुणी लढाईच्या बाजूची किंवा विरोधातली बाई नाही. पण लढाई लागलीच आहे तर आपण जिंकावी आणि आपलं लेकरू घरी यावं, एवढं मला मनापासून वाटत होतं.

मग हुकूम यायला लागले. फटाके वाजवायचे नाहीत. ड्रोन उडवायचा नाही. पाच माणसांनी एके ठिकाणी जमायचं नाही. अफवा पसरवायची नाही. सगळे हुकूम मोबाईलवर यायचे आणि अफवाही मोबाईलवरच यायच्या, त्यामुळे कुठलं काय ते कळणं कठीणच होतं. आमच्या गच्चीवरून थर्मलच्या, कोळशाच्या वीजघराच्या, चिमण्या दिसतात. लढाईत वीजघरावर पहिला बाँब पडतो, असं कुणीतरी पारावर बोललं आणि गावाची पाचावर धारण बसली. एका संध्याकाळी घराघरातून सांगून गेले की आठ वाजता सगळे दिवे बंद करायचे, सराव आहे. सांगायला आले ते पोलीस पाटील. नात्यानं माझे दीर. मी खिडकीला पोतं लावलं, देव्हाऱ्यातली समईसुद्धा विझवली. आठला गावची लाईन बंद झाली आणि गाव असं काळं झालं की शेजारच्या माणसाचा नुसता खोकला ऐकू यावा.

आणि त्या अंधारात मिस्त्रीचा दिवा लागला.

झालं होतं ते असं. तो रात्रीचा फेरा होता. गावची लाईन बंद करायची हे सगळ्यांच्या ध्यानात राहिलं, शेताच्या लाईनीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. थ्री फेज आपल्या वेळेला आली. इतर दिवे लांब, टेकाडाआड, झाडांमागे. हा गावाच्या डोक्यावर. मिस्त्री घरी नव्हते, धर्मापुरीकडे कुणाच्या बोअरमधून मोटार काढायला गेले होते. त्यांची बायको, आमची भाभी, धावत विहिरीवर गेली आणि तिनं खटका ओढला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला होता. काळ्याकुट्ट अंधारात एकच लाल ठिपका. कुणी काढला ते अजून कळलेलं नाही, पण तो फोटो सकाळपर्यंत जिल्हाभर फिरून गावात परत आला, आणि येताना ‘विमानांना इशारा’ अशी ओळ चिकटवून आला. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण जुनी झाली. आता जीभही उचलावी लागत नाही.

सकाळी जीप आली. मिस्त्री रात्री उशिरा परतले होते आणि दुकानासमोर मोटार उघडून बसले होते. दोन शिपाई त्यांना घेऊन गेले आणि तिसऱ्यानं पाईपवरचा दिवा उतरवून पिशवीत घातला. मिस्त्री जाताना मला एवढंच म्हणाले, “वैनी, ही मोटार झाकून ठिवा. धूळ बसंल.”

मी मोटारीवर पोतं टाकलं. गिरणी चालू केली. दुपारपर्यंत कानावर आलं की लोक आपापल्या शेतातले दिवे उतरवताहेत. कुणी सांगितलं नव्हतं. एकानं उतरवला म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्यानं उतरवला म्हणून तिसऱ्यानं. आमचे हे जेवायला घरी आले तेव्हा त्यांच्या पिशवीत आमच्या विहिरीवरचा दिवा होता. धुडक्यात गुंडाळलेला.

“हे काय?” मी विचारलं.

“दिवस वंगाळ हायेत,” ते म्हणाले. “उगी कशाला.”

मला राग आला. राग मला लवकर येतो हे गावाला ठाऊक आहे, पण हा वेगळा होता. मी ताट वाढलं आणि भाभीला घेऊन ठाण्याकडे निघाले. आम्ही रिक्षानं गेलो. भाभी मांडीवर डबा घट्ट धरून बसली होती.

ठाण्यात मिस्त्री बाकावर बसले होते. हातात बेडी नाही, कोठडी नाही. नुसते बसलेले. मी जमादारांना विचारलं, “अटक केलीय का?”

“न्हाई मावशी. चौकशीला बसवलंय.”

“मग चौकशी झाली की उठू द्या.”

“ते न्हाई जमत.”

“अटक न्हाई तर कावून न्हाई जमत?”

जमादारांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. आत साहेब होते. तरुण माणूस, समुद्राकडच्या गावचा, बदलून येऊन फार दिवस झाले नसावेत. दोन-तीन रात्री झोप न मिळाल्यासारखा चेहरा. त्यांनी मला खुर्ची दिली, हे सांगायला हवं.

“ताई, फोटो वरपर्यंत गेलाय,” ते म्हणाले. “वरून फोनवर फोन येताहेत. लढाईचे दिवस आहेत. थर्मल इथून किती लांब आहे तुम्हीच सांगा. उद्या खरंच काही झालं तर लोक मलाच विचारतील ना?”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माझ्या बहिणीचा मुलगा तिकडे असताना इकडे कुणी इशारे देत असेल, तर मीच त्याचा पाय मोडीन. मी तसं त्यांना म्हटलंही. “पण दिवा कशाचा ते मिस्त्रीनं सांगितलं ना तुम्हाला?”

“सांगितलं. लाईट आली की कळावं म्हणून, म्हणे. आमच्याकडे असं कुठे पाहिलं नाही मी. कुणीही काहीही सांगेल.” त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. “यावर सही केली की संध्याकाळी घरी. हमीपत्र आहे, चांगल्या वर्तणुकीचं. पुढे असं काही करणार नाही, शांतता बिघडवणार नाही. बस. सही नाही केली तर मला त्यांना तहसीलदारांपुढे उभं करावं लागेल. या दिवसांत ते काय करतील मी सांगू शकत नाही.”

मला वाटलं, करून टाकावी सही. एका सहीनं काय होतंय. बाहेर येऊन मी मिस्त्रींना तसं म्हटलंसुद्धा.

त्यांनी डबा उघडला होता पण घास घेतला नव्हता. “वैनी,” ते म्हणाले, “आमच्या अब्बांनी एकदा केलती दस्तखत. गावात काय न्हाई, तिकडं शहरात दंगा झालता. जमादार म्हनला, करा चाचा, नुसता कागद हाय. अब्बांनी केली. त्याच्यानंतर गणपती आला की अब्बा ठाण्यात, इलेक्शन आली की अब्बा ठाण्यात. कुठं फटाका फुटला तरी अब्बा ठाण्यात. कावून, तर मागं सही केलीय. मरायच्या साली बी बोलावलतं, तवा त्यांला उठून बसता येत नव्हतं. मी खाटेसकट नेऊ का, म्हनून इचारलतं मी.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “मी केलं आसतं तर केली आसती दस्तखत. न्हाई केलं. आता नेऊ द्या तहसीलात.”

भाभी खाली बघत होती. मला वाटलं ती रडेल, विनवेल. ती म्हणाली, “नका करू तुमी.” आणि रिकामा डबा न्यायला संध्याकाळी पुन्हा येते म्हणाली.

निघताना साहेबांनी सांगितलं की परवा सकाळी ते स्वतः पंचनाम्याला येणार आहेत. शिवारात असे दिवे खरंच असतात का ते बघणार. असतील तर विषय मिटला, नसतील तर मिस्त्री खोटं बोलले असं धरून पुढची कारवाई. ते हे सरळपणे बोलले. पण शिवारात आता एकही दिवा नव्हता. आमच्याच लोकांनी ते उतरवून कपाटात ठेवले होते. मिस्त्री खरं बोलले होते आणि गावानं त्यांना अर्ध्या दिवसात खोटं पाडलं होतं.

गावात येऊन मी सगळ्यात आधी पोलीस पाटलांकडे गेले. त्यांना म्हटलं, दवंडी द्या, दिवे परत लावा म्हणून.

“वैनी, येडं बिडं लागलं का?” ते म्हणाले. “लढाई चालू हाय. मानसं जमवायची न्हाईत म्हनून हुकूम हाय. ह्या दिवसांत हक्काबिक्काचं काढू नये. लढाई सरली की बघू.”

“हक्क म्हंजी काय हिवाळ्याची गोधडी हाय का भावजी, उन्हाळ्यात पेटीत घालून ठिवायला?”

त्यांनी आत वळून चहा सांगितला. मी तो तसाच रागानं प्याले आणि जीभ भाजून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली आणि चालू केली नाही. दळणाचे डबे, पाट्या रांगेत लागल्या. मी दारात बसून प्रत्येकाला एकच सांगितलं, “आधी शेतात दिवा, मग दळण.” गावात गिरणी एकच. पुढच्या गावाला जायचं तर अर्धा दिवस मोडतो. कुणी हसलं, कुणी चिडलं. एक जण म्हणाला, “काकू, आमचा काय गुन्हा?” मी म्हटलं, “मिस्त्रीचा काय व्हता?” एकाच्या घरी दुसऱ्या दिवशी हळद होती, त्याची आई हातापाया पडायची बाकी राहिली. मी तिलाही परत पाठवलं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. गिरणीचा पट्टाही न चढवता सगळं गाव माझ्यासमोर उभं आहे, हे बघून अंगात एक वेगळाच जोर येतो. सरकारला असंच वाटत असणार. मीही माझ्यापुरती आणीबाणी लावली होती आणि कारण तर माझ्याकडेही चांगलंच होतं. कारण कुणाकडे वाईट असतं?

दुपारपर्यंत तीन-चार जण दिवा लावून आले. म्हणजे लावला म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, डबा ठेवला आणि लांब जाऊन उभे राहिले.

भाभी तेव्हा आली. ठाण्यात डबा देऊन येत होती. तिनं रांग बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पायरीवर बसली.

“ताई, गिरणी चालू करा.”

“भाभी, तुमच्याच घरासाठी चाललंय हे.”

“मला माहीत हाय. पन असा दिवा आमच्या काय कामाचा? उद्या साहेब इचारतील, कावून लावला? तर मानूस म्हनंल, पीठ पायजे व्हतं. खरं तेच बोलंल ना तो.” तिनं रांगेकडे हात केला. “साहेब म्हनतो दस्तखत करा मग सोडतो. तुमी म्हनता दिवा लावा मग दळतो. ह्यांला कळलं तर काय वाटंल?”

मला तिचा राग आला. मग कळलं की राग तिचा नव्हता. मी उठले, पट्टा चढवला आणि खटका ओढला. हळदीच्या घरचं दळण आधी घेतलं. दळता दळता प्रत्येकाला सांगितलं की दळण कुणाचंच अडत नाही. दिवा ज्याला लावायचा त्यानं लावावा. मिस्त्री सही करत नाहीत, कारण त्यांनी केलं नाही ते ते मान्य करणार नाहीत. उद्या सकाळी साहेब बघायला येणार आहेत की मिस्त्री खरं बोलले का. एवढंच आहे. कुणाच्या विहिरीची मोटार कुणी कधी भरली ते ज्याचं त्यानं आठवावं. पिठात माखलेल्या तोंडानं मी हे तेच ते बोलत राहिले, आणि गिरणीच्या आवाजात कुणाला किती ऐकू गेलं देव जाणे. मला धरून चारपेक्षा जास्त माणसं आत होऊ दिली नाहीत. हुकूम होता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आमचे हे घरात नव्हते. कपाटातलं धुडकं जमिनीवर पडलं होतं, रिकामं. ते अंधार पडता पडता आले, बांबूवर चढल्यामुळे दोन्ही गुडघे सोललेले. मी हळद लावून दिली. “पडला असता तर?” मी म्हटलं.

“पडलो न्हाई ना,” ते म्हणाले. दोघंही मग जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून दिवसाचा फेरा होता. सकाळी जीप आली. साहेब, जमादार, एक शिपाई आणि मागे मिस्त्री. त्यांची दाढी वाढली होती, सदरा मात्र भाभीनं डब्यासोबत पाठवलेला, धुतलेला होता. पंच म्हणून साहेबांनी पोलीस पाटलांना बोलावलं आणि दुसरा कुणीतरी पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, “मी हाय.” ते थोडं थबकले, मग म्हणाले, “चला.”

गाडीवाटेनं शिवारात शिरलो. पहिला आमचाच बांबू लागला. त्यावर दिवा होता, पण विझलेला. लाईट आली नव्हती. पुढच्या शेतात पाईप होता, त्यावर नुसत्या तारा लोंबत होत्या. त्याच्या पुढेही नुसत्या तारा. चौथ्या ठिकाणी दिवा होता. मग दोन शेतं काही नाही. साहेब कागदावर लिहीत होते. माझ्या मनात आलं, हरलो आपण. मिस्त्री शांत चालत होते. एका शेतात थांबून त्यांनी स्टार्टरच्या पेटीत हात घातला आणि सैल झालेली तार घट्ट केली. शिपाई ‘ए’ म्हणाला, पण तोवर झालं होतं.

टेकाडावर चढलो आणि तिथे थ्री फेज आली. विहिरींवरच्या मोटारी एकेक करून घुमायला लागल्या. वरून सगळं शिवार दिसतं. उन्हात लाल दिवा फिका दिसतो, नीट बघावं लागतं. पण साहेब नीट बघणारे होते. त्यांनी कपाळावर हात धरला आणि बघत राहिले. चिंचेपलीकडे एक. ओढ्यालगत दोन. हळदीचं घर ज्यांचं, त्यांच्या विहिरीवर एक. मी ज्यांना दळण नाकारलं होतं आणि जे मला वाटेल ते बोलून गेले होते, त्यांच्या मोसंबीत एक. सगळ्यांनी लावले नव्हते, अर्ध्यांनीही नसतील. पण होते. आणि अगदी जवळ, टेकाडाच्या पायथ्याशी, नवाकोरा पाईप आणि त्यावर नवाकोरा दिवा.

“हे कुणाचं शेत?” साहेबांनी विचारलं.

“माझंच,” पोलीस पाटील म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. “जुना दिवा उतरवताना फुटलता. पहाटं नवा लावला.”

साहेब जमादारांकडे वळले. “तुम्ही इथलेच ना? तुमच्याकडे शेती आहे?”

“हाय साहेब. थोडी हाय.”

“तुमच्या विहिरीवर असा दिवा आहे का?”

जमादार पायातल्या बुटांकडे बघत होते. “हाय साहेब.”

“मग दोन दिवस बोलला का नाही?”

“तुमी इचारलं न्हाई, साहेब.”

मला जमादाराच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मग आठवलं की आमच्या घरातला दिवाही धुडक्यात गुंडाळून कपाटात गेलाच होता. भीती काही त्या एकट्याच्या घरची नव्हती. ठाऊक सगळ्यांनाच होतं. लाल दिवा म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातलं शेंबडं पोर सांगेल. पण लढाईच्या नावाखाली असा काही वारा सुटतो की ठाऊक असलेलं सांगायलाही माणूस परवानगी शोधतो.

साहेबांनी पंचनामा तिथेच, जीपच्या पुढच्या भागावर कागद ठेवून पुरा केला. मोठ्यानं वाचून दाखवला. शिवारातील अनेक विहिरींवर असे दिवे आढळून आले. कृषिपंपाचा वीजपुरवठा सुरू झाल्याचे कळावे यासाठी ते लावले जातात. संशयास्पद काही आढळले नाही. पोलीस पाटलांनी सही केली, मी केली. मग साहेब मिस्त्रींना म्हणाले, “जा तुम्ही घरी.”

मिस्त्री हलले नाहीत. “साहेब, मी दस्तखत करतो.”

“तुमची गरज नाही. तुम्ही पंच नाही.”

“दोन दिवस तुमी मला दस्तखत कर म्हनत व्हते, मी न्हाई म्हनलं. तुमाला वाटलं आसंल ह्यो मानूस आडमुठा हाय.” त्यांनी हात पुढे केला. “खरं लिवलेलं आसलं की मी करतो. द्या.”

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पेन दिलं. ‘समक्ष हजर’ असं लिहून त्याखाली जागा करून दिली. मिस्त्रींनी कागदावर वाकून आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश लिहिलं. वडिलांच्या नावापाशी त्यांचा हात थोडा थांबला. पेन परत देताना ते म्हणाले, “आणि साहेब, मी दोन राती ठाण्यात बसलतो, ते कुठं लिवलंय?”

“अटक नव्हती ना ती,” साहेब म्हणाले. “त्याचा कागद नसतो.” हे बोलताना त्यांचा आवाज खाली गेला होता. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण कागद नव्हता तो नव्हताच.

जप्त केलेला दिवाही मिळाला नाही, तो कुठल्याशा पिशवीत राहिला. मिस्त्री घरी आले, हातपाय धुतले, मोटारीवरचं पोतं काढलं आणि दुकानातला नवा दिवा घेऊन विहिरीकडे गेले. मला वाटलं भाभी अडवेल. कुणीही बाई अडवेल. तिनं शिडी आणून पाईपला लावली आणि खालून दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. दिवा पहिल्यापेक्षा एक हात उंच बसवला. तो लागला तसे गच्चीवर बसलेले आमचे हे उठले आणि चपला शोधायला लागले.

बहिणीच्या मुलाचा फोन आला, तो सुखरूप आहे. लढाई थांबली, हुकूम मागे घेतले गेले. गावात आता कुणी तो विषय काढत नाही. काढला तर म्हणतात, झालं गेलं, त्यांला कुठं काय केलं, नुसतं बसवलं होतं. ठाण्याच्या दप्तरात बघाल तर तेही खरंच वाटेल. पंचनामा आहे, त्यावर मिस्त्रींची सही आहे. त्या दोन रात्री मात्र कुठल्याच कागदावर नाहीत. म्हणून मी त्या इथे लिहिल्या आहेत, आणि खाली सही करायला माझी ना नाही.